बायबलचा तास आणि मंडळीची भाकरी

(महाविद्यालयीन विद्यार्थी व अध्यापक यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

ख्रिस्ती घरातील तरुण महाविद्यालयात जाऊ लागला म्हणजे त्याच्या आयुष्यात धर्माच्या तीन जागा तयार होतात. पहिली जागा त्याच्या मनातली. आईच्या मांडीवर ऐकलेली प्रार्थना, आजारपणात घेतलेले नाव, एकांतात मागितलेली क्षमा ही त्या जागेची सामग्री. दुसरी जागा वर्गातली. तेथे बायबल हा अभ्यासाचा ग्रंथ असतो. त्याचा काळ, त्याची भाषा, त्यातील पाठभेद यांची चर्चा होते किंवा निदान व्हावयास हवी. तिसरी जागा मंडळीची. रविवारची उपासना, बाप्तिस्मा, लग्न, दफन, वर्गणी, कमिटीच्या निवडणुका आणि त्यांतून उद्भवणारी भांडणे असा सारा संसार तेथे असतो. तीनही ठिकाणी वावरणारा माणूस एकच असतो. परंतु प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडून निराळी अपेक्षा केली जाते. मनात त्याने विश्वास ठेवावा, वर्गात प्रश्न विचारावा आणि मंडळीत होकार भरावा. या तिघांचा मेळ घालावयाचा कसा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचे उदाहरण घ्या. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग प्राणी आणि शेवटी नर व नारी अशी माणसे एकदम निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात आधी मातीपासून पुरुष घडविला जातो, मग बाग लावली जाते, मग प्राणी येतात आणि सर्वांत शेवटी स्त्री. मार्काच्या शुभवर्तमानातील शेवटची बारा वचने चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत आढळत नाहीत. ही माहिती धर्माच्या शत्रूंनी पसरविलेली नाही. ती ख्रिस्ती पंडितांनी, आणि पुष्कळदा दीक्षित पाळकांनीच, पिढ्यान्‌पिढ्या परिश्रम करून मिळविली आहे. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली महाविद्यालय काढले. आज देशभरची अनेक धर्मशास्त्रीय विद्यालये त्या परंपरेशी जोडलेली आहेत. १८९३ साली श्रीलंकेत कँडी येथे स्थापन झालेले पोपचे गुरुविद्यालय १९५५ साली पुण्यात आले. अशा ठिकाणी हे सारे शिकविले जाते. तेथून शिकून बाहेर पडलेला पाळक ते जाणतो. परंतु रविवारी व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बहुधा त्याविषयी मौन पाळतो, आणि समोर बसलेला महाविद्यालयीन तरुणही मौन पाळतो. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघेही बोलत नाहीत, अशी ही स्थिती आहे.

यावर नेहमी सुचविला जाणारा उपाय असा, की वर्गातले वर्गात ठेवावे आणि मंडळीतले मंडळीत ठेवावे. हा उपाय सोयीचा आहे. परंतु त्याला समतोल म्हणता येणार नाही. ही घरातली वाटणी झाली. वाटणीनंतर भाऊ भांडत नाहीत हे खरे, पण ते एकमेकांशी बोलतही नाहीत. मौनाचे कारण श्रद्धा आणि बुद्धी यांचे वैर आहे असे सर्रास मानले जाते. इतिहास पाहिला तर निराळेच कारण हाती लागते. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांची श्रद्धा पुष्कळदा टिकली. धोक्यात आली ती त्यांची नोकरी, निवारा किंवा प्रतिष्ठा. म्हणून श्रद्धा, वर्ग आणि मंडळी यांचा विचार करताना चौथी एक गोष्टही जमेस धरावयास हवी, आणि ती म्हणजे भाकरी. ज्याच्या विश्वासाची परीक्षा घ्यावयाची त्याची भाकरी परीक्षकाच्याच हाती असेल, तर त्या परीक्षेत खरे उत्तर मिळण्याची आशा धरता येत नाही.

या दृष्टीने पहिले उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. पण त्याचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी इंग्रजी शाळा काढली; तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा विल्सन 'फ्री चर्च'कडे गेले. सरकारी आश्रयापासून आणि जमीनदारांच्या हुकमतीपासून मंडळीचा कारभार मुक्त असावा, यासाठी त्या पाळकांनी आपली घरे आणि पगार सोडले होते. असे स्वातंत्र्यासाठी झगडलेले ते चर्च. त्याच चर्चच्या ॲबर्डीन येथील महाविद्यालयात १८७० साली विल्यम रॉबर्टसन स्मिथ नावाचा तरुण हिब्रूचा प्राध्यापक झाला. १८७५ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामध्ये त्याने 'बायबल' या विषयावर लेख लिहिला. मोशेच्या नावावर असलेले ग्रंथ एका हातचे नाहीत आणि त्यांपैकी अनुवाद हे पुस्तक मोशेनंतर पुष्कळ काळाने सिद्ध झाले, असे त्यात प्रतिपादन होते. चर्चमध्ये गदारोळ उठला, अनेक वर्षे चौकशी चालली, आणि १८८१ साली त्याला अध्यापकपदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणातली एक गोष्ट फार बोलकी आहे. स्मिथ यांचे पाळकपद काढून घेण्यात आले नाही. म्हणजे प्रवचन करण्यास ते लायक होते, वर्गात शिकविण्यास मात्र नव्हते! चर्चला भीती त्यांच्या अश्रद्धेची नव्हती. भावी पाळकांच्या कानांवर प्रश्न पडतील याची होती. स्मिथ शेवटपर्यंत स्वतःला त्या चर्चचे निष्ठावंत सभासद मानीत राहिले. केंब्रिजने त्यांना अरबीचे अध्यापन दिले. त्यामुळे त्यांची विद्या आणि उपजीविका दोन्ही वाचली. आणि काळाचा महिमा पाहा. जॉर्ज ॲडम स्मिथ या दुसऱ्या पंडिताविरुद्ध तशाच स्वरूपाची तक्रार आली, तेव्हा १९०२ साली त्याच परंपरेतील चर्चच्या महासभेने त्याच्यावर कारवाई करण्याचे नाकारले. जे १८८१ साली पाखंड वाटले ते एकवीस वर्षांत सहन करण्याजोगे झाले. मधल्या काळात मंडळी नष्ट झाली नव्हती. ती फक्त प्रश्न ऐकावयास शिकली होती.

आता आपल्याकडील वर्गांकडे वळू. मिशनरी शाळेतील बायबलच्या तासाचा परिणाम सर्वांवर एकसारखा झाला असे कोणी म्हणत असेल तर ते वस्तुस्थितीला धरून नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्या शिक्षणाचा त्यांच्या विचारावर खोल ठसा उमटला. पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि आयुष्याच्या अखेरीस सार्वजनिक सत्य धर्माची स्वतंत्र मांडणी केली. बाबा पदमनजी बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत वावरले आणि १८५४ साली ख्रिस्ती झाले. एकाच प्रकारच्या वर्गातून दोन थोर माणसे दोन दिशांना गेली. वर्ग माणसाला सामग्री पुरवितो. निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो.

परंतु निर्णय ज्याचा त्याने करावा असे म्हणावयाचे, तर तासाला बसण्याची सक्ती का? हा वाद या देशात बराच काळ चालला. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले आणि खाजगी संस्थांना, त्यांच्या धर्मशिक्षणात हात न घालता, अनुदान देण्याचे तत्त्व स्वीकारले. इंग्लंडमध्ये १८७० च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने पालकाला आपले मूल धर्माच्या तासातून काढून घेण्याचा अधिकार मिळाला. भारतात मात्र मिशन कॉलेजातील बायबलचा तास अनेक ठिकाणी सक्तीचाच राहिला. गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री यांनी विवेकस्वातंत्र्याचे असे कलम भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळावे, असा आग्रह पहिल्या महायुद्धाच्या काळात धरला.

मिशनरींचे उत्तर सरळ होते. विद्यार्थी आमचे नियम जाणूनच प्रवेश घेतो. त्याला ते नको असतील तर त्याने दुसरीकडे जावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद नवा नाही. गिरणीमालकही मजुराला हेच सांगत असे. करार स्वेच्छेचा आहे असे म्हणावयाचे, तर दोन्ही बाजूंना पर्याय असावा लागतो. ज्या जिल्ह्यात एकच कॉलेज आहे, तेथे गरीब बापाच्या मुलाला 'दुसरीकडे जा' असे सांगणे म्हणजे 'शिकू नकोस' असे सांगणेच होय. एकाच दुकानाच्या गावात गिऱ्हाइकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यासारखे ते आहे. शिवाय त्या संस्थांना मिळणारे अनुदान सर्व धर्मांच्या रयतेने भरलेल्या करातून येत होते.

या वादात मिशनरींची बाजू एकजिनसी होती असेही नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर १८७७ ते १९०७ इतका दीर्घकाळ प्राचार्य होते. कॉलेजचे यश बाप्तिस्म्यांच्या संख्येवर मोजू नये, समाजाच्या विचारात हळूहळू मुरणारा परिणाम हेच त्याचे खरे फळ होय, असे त्यांचे मत होते. त्याबद्दल त्यांना स्वकीयांची टीकाही सोसावी लागली. उत्तम शिक्षकाला आपला विषय सक्तीने ऐकवावा लागत नाही, हे मिलर यांच्यासारख्यांच्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

येथवरचे विवेचन मुख्यतः इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांविषयी झाले. ख्रिस्ती विद्यार्थ्याचे काय? त्याला विवेकस्वातंत्र्याची गरज नाही असे गृहीत धरले जाते. तो तर आपलाच! वस्तुतः त्याची अडचण अधिक बिकट असते. याचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला त्याचे काम पुण्यातही चालत असे. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि त्या मोबदल्यात तेथे राहावे, अशी व्यवस्था होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आणि त्यांच्या लहान मुलीने बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू लागल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या. मन, वर्ग आणि मंडळी ही तिन्ही ठिकाणे त्यांच्या आयुष्यात अशी एकदम आली. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेली ही विदुषी गप्प बसणारी नव्हती. त्रैक्याचा सिद्धान्त, ॲथनेशियसच्या नावाने चालणारा मतसंग्रह, येशूच्या जन्माविषयीची शिकवण या सर्वांविषयी त्यांनी प्रश्न विचारले. बायबलमध्ये जे स्पष्ट सांगितलेले नाही ते चर्च सांगते म्हणून का मानावे, हा त्यांचा सवाल होता. गळ्यातील क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नसावीत, असेही त्यांनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला हिंदुस्थानातील बिशपांनी दिला, तेव्हा त्याचा त्यांनी कडक शब्दांत निषेध केला.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची वृत्ती निराळी होती. त्यांनी रमाबाईंच्या शंका शंका म्हणून ऐकल्या, पत्रांतून त्यांची उत्तरे दिली, आणि या बाईला वेळ द्यावा, असे इतरांनाही सुचविले. एक बाई धर्मगुरूची शिस्त मागत होती आणि दुसरी शिक्षिकेचा धीर देत होती. हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. एका इहवादी विचारवंताने एका श्रद्धावान स्त्रीची पत्रे इतक्या आस्थेने सिद्ध करावीत, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनाला शोभा देणारी आहे.

प्रश्न विचारल्याने श्रद्धा जाते असे म्हणणाऱ्यांनी रमाबाईंचे पुढचे आयुष्य पाहावे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. जिने बायबलविषयी सर्वांत अधिक प्रश्न विचारले, तिनेच ते शब्दाशब्दाने मराठीत आणण्याचे कष्ट उपसले. शंका ही तिच्या बाबतीत श्रद्धेची मशागत ठरली.

तरीही रमाबाईंच्या चरित्रातील दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे आश्वासन होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली त्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठले, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक मुली काढून नेण्यात आल्या. रमाबाईंनी सक्ती केली नव्हती, आणि आपल्या खोलीत प्रार्थना करण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद होता. परंतु केशवपन झालेल्या, माहेर-सासर तुटलेल्या मुलीला जिच्या घरात अन्न आणि आसरा मिळतो, तिच्या प्रार्थनेचे उघडे दार सर्वस्वी तटस्थ राहत नाही. स्वतः वाँटेजमध्ये आश्रित म्हणून राहताना ज्या दडपणाशी रमाबाई झगडल्या, तसलेच दडपण, त्यांच्या मनात नसतानाही, त्यांच्या सदनात निर्माण होण्याचा संभव होता. टीकाकारांचा दुटप्पीपणाही येथेच सांगावयास हवा. या मुलींच्या धर्माची ज्यांना इतकी काळजी वाटली, त्यांच्यापैकी कितीजणांनी त्यांच्या भाकरीची काळजी केली होती?

वर्गाकडून आता मंडळीकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविले, 'ज्ञानोदया'चे मराठी संपादन केले, अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले. ख्रिस्त हवा, पण तो इंग्रजी पेहरावात नको, ही त्यांची तळमळ होती. मिशनची चाकरी आणि स्वतःची दृष्टी यांतील अंतर त्यांना असह्य होत गेले. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार फार वाढला नाही. परंतु टिळकांना वेगळा विचार कृतीत आणण्यासाठी आधी पगारी सेवेतून बाहेर पडावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या पावलाची किंमत संसाराला काय पडत होती, याची कल्पना लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कोणालाही येईल. ज्या काळात शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना किंवा मिशनचे चर्च येथेच बहुधा नोकरी मिळे, त्या काळात मंडळीतील मतभेद हा मालक-नोकरातील मतभेद होऊन बसे.

भाकरीचा हा संबंध सरकारी कागदावरही उमटला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठरविली गेली. १९५६ साली तीत शीख दलितांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा तेव्हाही झाला नाही. मराठवाड्यातल्या आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे दलित वस्त्यांतली आहेत. त्यांच्या मुलाला मंडळीच्या नोंदवहीत नाव लिहिताना शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा विचार करावा लागला. गावाने त्याची जात विसरली नाही, पुष्कळदा मंडळीनेही विसरली नाही. सवलतीच्या अर्जावर मात्र ती पुसली गेली. अशा मुलाला 'श्रद्धा ही खाजगी बाब आहे' असे सांगणे सोपे आहे. त्याच्या श्रद्धेचा हिशेब सरकार, गाव आणि मंडळी असे तिघे ठेवीत आले.

मग मार्ग कोणता? स्वतंत्र भारताने निदान वर्गापुरते उत्तर देऊन ठेवले आहे. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते. परंतु कोणत्याही व्यक्तीला तिच्या संमतीवाचून, आणि ती अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, त्यात भाग घ्यावयास लावता येत नाही. तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. हे दोन अनुच्छेद एकत्र वाचावयास हवेत. संस्था मंडळीची असू शकते. विद्यार्थ्याचा विवेक संस्थेच्या मालकीचा होत नाही. 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत ख्रिस्ती कॉलेजातील ख्रिस्ती विद्यार्थीही येतो. महाविद्यालयात बहुतेक मुले सज्ञान असतात. म्हणजे ही संमती त्यांची स्वतःची. ती बापाने द्यावयाची नाही आणि पाळकानेही द्यावयाची नाही.

न्यायालयांनी आणखी एक उपयुक्त भेद केला आहे. धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्माविषयी अभ्यास करणे वेगळे. गुरू नानकांच्या जीवनाचा व उपदेशाचा विद्यापीठात अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली म्हटले. २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यातही हाच भेद मान्य झाला. त्याआधी कोठारी आयोगानेही तो मांडला होता. या भेदाचा आपल्या महाविद्यालयांनी पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही. अनेक ख्रिस्ती संस्थांत अजूनही ख्रिस्ती मुलांना एका खोलीत धर्म शिकवितात आणि इतरांना दुसऱ्या खोलीत नीती शिकवितात. जणू ख्रिस्ती मुलांना नीतीची आणि इतरांना धर्माच्या ज्ञानाची गरजच नाही! ही भिंत काढावी. बायबल, कुराण, गीता, धम्मपद यांचा इतिहास जाणणाऱ्या अध्यापकाने, स्वेच्छेने आलेल्या सर्व धर्मांच्या मुलांना एकत्र बसवून तास घ्यावा. शेजारी बौद्ध मुलगी बसलेली असताना ख्रिस्ती मुलाने विचारलेला प्रश्न अधिक प्रामाणिक असेल आणि त्याला मिळणारे उत्तर अधिक काळजीपूर्वक दिलेले असेल. भक्तीचे शिक्षण ज्याला हवे त्याला ते तासाबाहेर, प्रार्थनामंदिरात, जरूर मिळावे.

मंडळीकडून दोन अपेक्षा आहेत. पाळकाचे वेतन एखाद्या श्रीमंत कुटुंबाच्या किंवा कमिटीतील गटाच्या मर्जीवर लोंबकळत राहू नये. ते सामाईक निधीतून, ठरलेल्या दराने मिळावे. पाळकाला निर्भयपणे बोलता आले तरच तरुण निर्भयपणे विचारील. दुसरी अपेक्षा अशी, की उपासनेखेरीज प्रश्नांसाठीही मंडळीने एखादी वेळ राखून ठेवावी. 'ठाऊक नाही' हे उत्तर तेथे चालावे. शंका बोलून दाखविली म्हणून कोणाचे लग्न, दफन किंवा मुलाचा शाळाप्रवेश अडू नये.

तरुणाकडूनही एक अपेक्षा आहे. वर्गात चार ग्रंथ वाचले की मंडळी म्हणजे अडाण्यांचा मेळावा, असे वाटू लागण्याचा मोह असतो. तो टाळावयास हवा. जी म्हातारी उत्पत्तीचे दोन वृत्तांत जाणत नाही, ती शेजारच्या बाळंतिणीला पेज नेऊन देते; तिचेही ज्ञान मोलाचे आहे. विद्या, श्रद्धा आणि मंडळीचे काम एका आयुष्यात नांदू शकतात, हे वसईने अलीकडेच पाहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, 'सुवार्ता' मासिक चालविले आणि हरित वसईच्या रक्षणासाठी सर्व धर्मांच्या लोकांना घेऊन लढाही दिला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यात अभ्यास, वेदी आणि रस्ता ही तीन वेगळी दालने नव्हती.

मित्रहो, ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी एक साधी कृती आहे. भाकरी मोडली जाते आणि वाटली जाते. त्या भोजनाविषयी करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने एक परीक्षा सांगितली आहे. पण ती ज्याची त्याने स्वतःची करावयाची आणि मग भाकरी खावयाची, असा त्याचा आदेश आहे. वाढणाऱ्याने खाणाऱ्याची परीक्षा घ्यावी असे तेथे म्हटलेले नाही. वर्ग प्रामाणिक असावा, मंडळी धीराची असावी आणि कोणाचीही भाकरी त्याच्या होकारावर अवलंबून नसावी, एवढे साधले तर तिघांचा मेळ तरुण आपला आपण घालील. तो मेळ कसा घालावा हे त्याला शिकविण्याची मग कोणालाच गरज पडणार नाही.